नोकरी न मिळालेला इंजिनीअर

सेकंड इयरच्या सिग्नल्सच्या पुस्तकात एक विचित्र फंक्शन भेटतं. सगळीकडे शून्य, फक्त एका बिंदूवर अनंत, आणि तरीही त्याखालचं क्षेत्रफळ बरोब्बर एक! व्हायव्हात हमखास विचारतात म्हणून आपण ते पाठ करतो आणि सेमिस्टर संपलं की विसरून जातो. नाव डिरॅक डेल्टा फंक्शन. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हेच नाव सेमीकंडक्टरच्या पहिल्या चॅप्टरमध्ये पुन्हा भेटतं, फर्मी-डिरॅक डिस्ट्रिब्युशन म्हणून. हा डिरॅक कोण, हा प्रश्न मात्र सिलॅबसच्या बाहेरचा. त्यामुळे तो कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

मित्रांनो, हा डिरॅक आपल्यातलाच. म्हणजे इंजिनीअर! इलेक्ट्रिकलची डिग्री, फर्स्ट क्लास, आणि हातात नोकरी नाही. पुढे याच माणसाने कागद-पेन्सिलीच्या जोरावर जगात कोणी कधी न पाहिलेला एक कण असला पाहिजे असं सांगितलं, आणि वर्षभरात तो खरोखर सापडला. एकतिसाव्या वर्षी नोबेल मिळालं. गोष्ट इथेच थांबवली तर ती छान प्रेरणादायी वगैरे होईल. पण या गोष्टीत आणखी एक मुलगा आहे, त्याच घरातला, त्याच कॉलेजातला. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. दोघांची गोष्ट एकत्रच सांगायला हवी.

जेवणाच्या टेबलावरची शांतता

पॉल एड्रियन मॉरिस डिरॅक याचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरात झाला. वडील चार्ल्स डिरॅक मूळचे स्वित्झर्लंडचे, ब्रिस्टॉलमध्ये फ्रेंचचे शिक्षक. शिस्त कडक. आई फ्लोरेन्स लग्नाआधी तिथल्या लायब्ररीत काम करायची. तीन मुलं. थोरला फेलिक्स, मधला पॉल आणि धाकटी बेटी.

पॉलने आपल्याशी फक्त फ्रेंचमध्येच बोलावं असा वडिलांचा नियम होता. डिरॅकने उतारवयात सांगितलेल्या आठवणींनुसार घरात जेवायलाही दोन पंक्ती असत. तो आणि वडील जेवणाच्या खोलीत. आई, फेलिक्स आणि बेटी स्वयंपाकघरात. फ्रेंचमध्ये नीट बोलता येईना, आणि चुकलं तर वडिलांना खपत नसे. मग पॉलने सोपा मार्ग काढला. बोलायचंच नाही! ही गप्प राहायची सवय त्याला जी लागली ती जन्मभर सुटली नाही. घरी पाहुण्यांची ये-जा जवळपास नव्हतीच.

शाळेत मात्र त्याचं उत्तम चाललं होतं. वडील शिकवायचे त्याच मर्चंट व्हेंचरर्सच्या शाळेत तो शिकला. पहिल्या महायुद्धामुळे वरच्या वर्गातली मुलं सैन्यात गेली होती, त्यामुळे खालच्या मुलांना पुढचे विषय लवकर शिकायला मिळाले. १९१८ साली, सोळाव्या वर्षी, तो ब्रिस्टॉल विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला दाखल झाला. गणिताची आवड होती, पण गणित शिकून पुढे काय करणार, फार तर मास्तर होणार, असा तेव्हाचा समज. आपल्याकडे अजूनही आहे. शिवाय थोरला भाऊ आधीच इंजिनीअरिंगला होता. मग हाही गेला.

दोन भाऊ, एक कॉलेज

फेलिक्सला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी ते होऊ दिलं नाही. त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला घातलं. पाठोपाठ दोन वर्षांनी लहान असलेला पॉल त्याच कॉलेजात आला आणि प्रत्येक पेपरात पहिला येऊ लागला. फेलिक्स रखडत थर्ड क्लासमध्ये पास झाला. घरात आणि कॉलेजात दोघांची तुलना होत असणार हे वेगळं सांगायला नको. लहानपणी एकत्र खेळणारे भाऊ हळूहळू एकमेकांशी बोलेनासे झाले. १९२० च्या उन्हाळ्यात पॉल रग्बी गावात एका विजेच्या कंपनीत ट्रेनिंगला गेला. फेलिक्सही तेव्हा तिथेच होता. रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघे भाऊ एक शब्द न बोलता पुढे निघून जात.

१९२१ साली पॉलला फर्स्ट क्लास मिळाला. पण युद्ध संपल्यानंतरची मंदी होती आणि कंपन्यांकडे कामच नव्हतं. आपल्याकडे मंदीत कॅम्पसला कंपन्या येत नाहीत तसंच. केंब्रिजची परीक्षा दिली, त्यात वर्षाला ७० पौंडांची स्कॉलरशिपही मिळाली. पण तेवढ्यात केंब्रिजचा खर्च भागणार नव्हता. म्हणजे नोकरीही नाही आणि पुढचं शिक्षणही नाही.

तेव्हा ब्रिस्टॉलच्या गणित विभागातल्या प्राध्यापकांनी एक चांगली गोष्ट केली. रिकामा बसण्यापेक्षा आमच्याकडे ये, फी देऊ नकोस, असं त्यांनी त्याला सुचवलं. तीन वर्षांचा गणिताचा कोर्स पॉलने दोन वर्षांत पुरा केला, पुन्हा फर्स्ट क्लासमध्ये. तिथे पीटर फ्रेझर नावाचे शिक्षक होते. संशोधन फारसं केलं नाही, पण शिकवणं असं की डिरॅकने पुढे त्यांना आपले सर्वांत चांगले शिक्षक मानलं. प्रोजेक्टिव्ह जॉमेट्रीची गोडी त्याला त्यांनीच लावली. १९२३ मध्ये सरकारी ग्रँट आणि कॉलेजची स्कॉलरशिप दोन्ही मिळून पुरेसे पैसे जमले आणि डिरॅक केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात रिसर्चला गेला.

त्या मंदीत ब्रिस्टॉलमधल्या एखाद्या कंपनीने त्याला घेतलं असतं तर? कदाचित एक बरा इंजिनीअर झाला असता आणि आपण त्याचं नावही ऐकलं नसतं.

फेलिक्सकडे असा कोणी प्राध्यापक आला नाही. त्याने ड्राफ्ट्समनची नोकरी धरली, मग ती सोडली. घरी कोणाला काही सांगितलं नाही. मार्च १९२५ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. आई-वडील पार कोसळले. पॉलला त्या दुःखापेक्षाही एका गोष्टीचा धक्का बसला. आई-वडिलांना मुलांबद्दल इतकं वाटतं हे त्याला तोपर्यंत माहीतच नव्हतं, असं त्याने पुढे सांगितलं. एका छपराखाली वीस-बावीस वर्षं काढून ही गोष्ट कोणी कोणाला दाखवली नव्हती! डिरॅकच्या सगळ्या चरित्रात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

रविवारची बंद लायब्ररी

त्याच वर्षी, १९२५ च्या उन्हाळ्यात, जर्मनीत हायझेनबर्गने क्वांटम मेकॅनिक्सचा पहिला पेपर लिहिला. त्याची छापखान्यातली प्रुफं डिरॅकच्या गाइडकडे, राल्फ फाउलरकडे आली. डिरॅक सुट्टीत ब्रिस्टॉलला होता. फाउलरने ती त्याला पोस्टाने पाठवली.

त्या पेपरात एक अडचणीची गोष्ट होती. हायझेनबर्गच्या गणितात ए गुणिले बी आणि बी गुणिले ए यांची उत्तरं वेगवेगळी यायची. एम-थ्रीमध्ये मॅट्रिक्स शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण फिजिक्समध्ये स्थान आणि संवेग हे साधे आकडे असतात आणि आकडे कुठल्याही क्रमाने गुणले तरी उत्तर तेच. हायझेनबर्गला स्वतःला हा आपल्या थिअरीतला दोष वाटत होता. डिरॅकने उलटा विचार केला. हा दोष नाही, हाच मुख्य मुद्दा आहे!

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तो नेहमीप्रमाणे एकटाच लांब फिरायला गेला होता. चालता चालता त्याला वाटलं की हा जो गुणाकारांतला फरक आहे तो जुन्या मेकॅनिक्समधल्या पॉइसन ब्रॅकेट नावाच्या प्रकाराशी जुळतो. पण पॉइसन ब्रॅकेटची नेमकी व्याख्या आठवेना. घाईघाईने खोलीवर आला, सगळ्या वह्या-पुस्तकं धुंडाळली, कुठेच सापडली नाही. रविवार असल्यामुळे लायब्ऱ्या बंद! सबंध रात्र त्याने तळमळत काढली आणि सोमवारी सकाळी दार उघडताच आत शिरून पुस्तक काढलं. जुळत होतं. (इंटरनेट असतं तर दोन मिनिटांचं काम. पण मग ती रात्रही मिळाली नसती.)

त्या पेपरने जुन्या मेकॅनिक्समधून नव्याकडे जायचा पूल बांधला. जर्मनीत मॅक्स बॉर्नने तो वाचला तेव्हा डिरॅक हे नाव त्याने कधी ऐकलेलंही नव्हतं; लेखक अजून विद्यार्थी आहे हे कळल्यावर तो थक्क झाला. १९२६ मध्ये डिरॅकला पीएचडी मिळाली. क्वांटम मेकॅनिक्स या विषयावरचा तो पहिला प्रबंध मानला जातो.

पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याने कामाचा धडाका लावला. इलेक्ट्रॉनसारखे कण एका अवस्थेत एकच राहतात, त्यांची गणती कशी करायची हे त्याने १९२६ मध्ये मांडलं. इटलीत एन्रिको फर्मीने तेच थोडं आधी केलं होतं, म्हणून नाव फर्मी-डिरॅक. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये डेल्टा फंक्शन आलं. शुद्ध गणितवाल्यांनी नाक मुरडलं, कारण त्यांच्या व्याख्येत असलं फंक्शन बसतच नव्हतं. डिरॅकला त्याचं काही वाटलं नाही. बीमवर एका बिंदूत लोड दिला तर त्याचा आलेख कसा काढायचा हे इंजिनीअरला रोजचंच असतं! गणितवाल्यांना या फंक्शनसाठी पक्का पाया बांधायला आणखी वीसेक वर्षं लागली. ते काम फ्रान्सच्या लोराँ श्वार्ट्झने केलं.

डिरॅक स्वतः इंजिनीअरिंगच्या शिक्षणाचं ऋण मानायचा. त्याआधी त्याला फक्त अचूक समीकरणंच खरी वाटायची. निसर्गाची सगळीच समीकरणं एक प्रकारे अंदाजच असतात, पण अंदाजही सुंदर असू शकतो, हे आपल्याला इंजिनीअरिंगने शिकवलं असं त्याचं म्हणणं होतं.

वर्गमूळाचा प्रश्न

आता त्याच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर हे समजायला अवघड नाही.

आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार कणाच्या ऊर्जेचा वर्ग म्हणजे दोन वर्गांची बेरीज. एक पद संवेगाचं, दुसरं वस्तुमानाचं. कण स्थिर असला की त्यातूनच ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर निघतं. श्रोडिंजरचं समीकरण सापेक्षता धरत नाही. त्यात सापेक्षता घालायचा सरळ प्रयत्न केला की ऊर्जेचा वर्ग समीकरणात येतो, आणि मग कण एखाद्या जागी सापडण्याची संभाव्यता काही ठिकाणी ऋण निघते. संभाव्यता उणे कशी असेल? इथेच घोडं पेंड खात होतं. ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेत नील्स बोरने डिरॅकला सध्या काय चाललंय असं विचारलं. डिरॅकने हा प्रश्न सांगितला. तो तर क्लाइनने सोडवलाय, असं बोरचं मत पडलं. डिरॅकला ते पटलं नव्हतं.

त्याला हवं होतं वर्ग नसलेलं, सरळ एकघाती समीकरण. म्हणजे चार वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असं काढायचं की उत्तरात मुळाचं चिन्हच उरू नये. साध्या आकड्यांनी हे होत नाही. पण आकड्यांऐवजी मॅट्रिक्स घेतल्या तर? दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सनी तीन वर्गांपर्यंत जमत होतं, चौथ्याला अडत होतं. काही आठवडे डोकं फोडल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोन बाय दोनवरच थांबलं पाहिजे असं कुठे आहे? चार बाय चार घ्या! आणि जमलं. जानेवारी १९२८ च्या दुसऱ्याच दिवशी पेपर रॉयल सोसायटीकडे पोचला.

समीकरण हातात आल्यावर जे झालं ते जादूसारखं होतं. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो हे १९२५ पासून प्रयोगांवरून माहीत होतं, पण तो थिअरीत वरून चिकटवावा लागत असे. या समीकरणातून तो आपोआप बाहेर पडला. इलेक्ट्रॉन एक छोटं चुंबक असतो, त्याची ताकदही बरोबर निघाली. डिरॅकने यातलं काहीच मुद्दाम घातलं नव्हतं.

समुद्र आणि बुडबुडा

पण चार बाय चारमुळे उत्तरंही दुप्पट आली होती. निम्मी धन ऊर्जेची, निम्मी ऋण. वर्गसमीकरण सोडवताना आपण उणे उत्तर निरर्थक म्हणून खोडून टाकतो. क्वांटममध्ये तसं चालत नाही, कारण इलेक्ट्रॉन खालच्या रिकाम्या पातळीवर घसरणारच. मग जगातले सगळे इलेक्ट्रॉन ऊर्जा सोडत ऋण पातळ्यांत का पडत नाहीत?

डिरॅकचं उत्तर असं की त्या सगळ्या पातळ्या आधीच भरलेल्या आहेत! ज्याला आपण रिकामी जागा म्हणतो तो खरं म्हणजे इलेक्ट्रॉनचा गच्च भरलेला समुद्र आहे. एका कॉटवर एकच या नियमामुळे वरच्याला खाली जागाच नाही. पण समुद्रातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला जोराचा धक्का बसून तो वर आला तर खाली एक रिकामी जागा राहील, पाण्यातल्या बुडबुड्यासारखी. ऋण प्रभार गेल्यामुळे ती जागा धन प्रभाराच्या कणासारखी वागेल. सेमीकंडक्टरमधला होल शिकलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

हा धन कण कोणता? तेव्हा एकच माहीत होता, प्रोटॉन. डिरॅकने आधी तोच असावा असं सुचवलं. पण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, आणि होलचं वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकंच असायला हवं असं ओपनहायमर आणि हर्मन वाइल यांनी दाखवलं. १९३१ मध्ये डिरॅकने ते मान्य केलं आणि पुढचं पाऊल टाकलं. हा एक नवा, अजून न सापडलेला कण आहे. वस्तुमान इलेक्ट्रॉनचं, प्रभार उलटा. त्याने त्याला अँटी-इलेक्ट्रॉन म्हटलं.

आज रोज नवीन कणांची नावं ऐकायची सवय झाल्यामुळे आपल्याला यातलं धाडस कळत नाही. तेव्हा जगात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि फोटॉन एवढेच कण माहीत होते. न्यूट्रॉनसुद्धा १९३२ चा. निव्वळ समीकरण सांगतंय म्हणून नवा कण मांडायचा म्हणजे वेडेपणाच होता.

२ ऑगस्ट १९३२. अमेरिकेत कॅलटेकमध्ये कार्ल अँडरसन क्लाउड चेंबरमध्ये कॉस्मिक किरणांचे फोटो काढत होता. चेंबरच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी, आणि सगळं चुंबकीय क्षेत्रात. एका फोटोत एक वाकलेली रेघ दिसली. पट्टीच्या वरच्या बाजूला ती जास्त वाकली होती. शिशातून गेलेला कण हळू होतो आणि जास्त वाकतो, म्हणजे हा कण खालून वर गेला होता. दिशा कळली की वाकण्यावरून प्रभार कळतो: धन. आणि इतकी लांब, इतकी बारीक रेघ प्रोटॉनची असूच शकत नव्हती. एका फोटोवरून किती गोष्टी निघाल्या बघा! अँडरसन डिरॅकची थिअरी तपासायला बसलेला नव्हता, त्याला तो कण अचानक भेटला. १९३३ मध्ये केंब्रिजमध्ये ब्लॅकेट आणि ऑक्कियालिनी यांनी आणखी फोटो काढून हाच डिरॅकचा कण हे दाखवून दिलं. नाव पडलं पॉझिट्रॉन.

पुरेशा ऊर्जेचा, म्हणजे १.०२२ एमईव्हीच्या वरचा गॅमा किरण अणुकेंद्राजवळून जाताना नाहीसा होतो आणि एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी जन्माला येते. उलट पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला की दोघेही संपतात आणि प्रत्येकी ५११ केईव्हीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघून जातात. हॉस्पिटलमधला पेट स्कॅन याच तत्त्वावर चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन मिसळलेली साखर शरीरात टोचतात, ती कॅन्सरच्या भुकेल्या पेशींत जास्त जमा होते, तिच्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात, आणि विरुद्ध दिशांच्या फोटॉनच्या जोड्या पकडून गाठ कुठे आहे ते काढता येतं. आपल्या देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. पेट मधला पी म्हणजे पॉझिट्रॉनच.

कमी बोलणारा माणूस

१९३२ मध्ये डिरॅक केंब्रिजचा लुकेशियन प्रोफेसर झाला. कधीकाळी न्यूटनची असलेली ही खुर्ची. १९३३ चं नोबेल त्याला श्रोडिंजरबरोबर विभागून मिळालं. प्रसिद्धीच्या भीतीने तो नाकारायला निघाला होता. नाकारलंस तर आणखी गाजावाजा होईल, असं रदरफर्डने समजावल्यावर त्याने घेतलं! स्टॉकहोमला आईला घेऊन गेला, वडिलांना नाही.

त्याच्या अबोलपणाचे किस्से केंब्रिजमध्ये इतके झाले की पोरांनी डिरॅक नावाचं एकक काढलं. एक डिरॅक म्हणजे तासाला एक शब्द. एकदा व्याख्यानानंतर कोणीतरी उठून फळ्यावरचं एक समीकरण समजलं नाही असं सांगितलं. डिरॅक नुसता उभा. बराच वेळ गेला. अध्यक्षांनी आठवण केल्यावर त्याने खुलासा केला की तो प्रश्न नव्हता, विधान होतं. १९२९ मध्ये जपानला जाताना बोटीवर हायझेनबर्ग मुलींबरोबर नाचायचा, हा बाजूला बसून बघायचा. नाचतोस कशाला, याने विचारलं. छान मुली असल्या की मजा येते, असं उत्तर मिळालं. पाच मिनिटं विचार करून डिरॅकने शंका काढली: त्या छान आहेत हे आधी कसं कळतं?

यात उद्धटपणा नव्हता. शब्दाचा जो अर्थ आहे तेवढाच तो घ्यायचा. १९३७ मध्ये त्याने युजीन विग्नरची बहीण मार्गिट हिच्याशी लग्न केलं. ती बोलकी, हा मुका. संसार मात्र टिकला. तिची आधीची दोन मुलं आणि नंतरच्या दोन मुली असं भरलं घर झालं. त्याच्यातला इंजिनीअरही जागा होता. गॅसमधले आयसोटोप वेगळे करायची एक पद्धत त्याने स्वतः प्रयोग करून पाहिली होती, आणि सेंट्रिफ्यूज जास्तीत जास्त किती काम करू शकतो याचं त्याने युद्धकाळात काढलेलं सूत्र पुढेही वापरात राहिलं.

आपल्याकडचा धागा

१९२७ मध्ये मुंबईचा एक पारशी मुलगा केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला आला. होमी भाभा. परत येऊन त्याने जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं अशी घरच्यांची इच्छा होती. डिरॅकच्या गणिताने आणि फिजिक्सने भारावलेल्या भाभांनी १९२८ मध्ये वडिलांना पत्र लिहून आपल्याला फिजिक्सच करायचंय असं स्पष्ट कळवलं. वडिलांनी हो-नाही न करता सौदा केला. आधी इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग तुझं गणित शिकायचा खर्च मी देतो. भाभांनी १९३० मध्ये फर्स्ट क्लास आणला, वडिलांनी शब्द पाळला. १९३६ मध्ये भाभांनी डिरॅकचंच समीकरण वापरून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर काय होतं याचं गणित मांडलं. त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात, आणि सर्नसारख्या ठिकाणी कणांच्या टकरी मोजायला ते वापरलं गेलं. टीआयएफआर आणि आपला अणुकार्यक्रम हे सगळं त्यानंतरचं.

ब्रिस्टॉलच्या घरात आणि मुंबईच्या घरात प्रश्न एकच होता. फरक एवढाच की एका घरात पत्र लिहिता आलं आणि त्याला उत्तर आलं.

डिरॅक स्वतःही इथे येऊन गेला. १९५४ मध्ये अमेरिकेने त्याला व्हिसा नाकारला, तेव्हा तो भारतात आला आणि मुंबईत टीआयएफआरचा पाहुणा झाला. तेव्हा ही संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. या प्रवासात त्याला कावीळही झाली. कलकत्त्याचा एक किस्सा सांगतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी डिरॅक पती-पत्नीला गाडीत मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसून आपल्या विद्यार्थ्यांनाही पुढेच कोंबायला लागले. गर्दी होत नाही का, असं डिरॅकने विचारल्यावर आमचा बोस स्टॅटिस्टिक्सवर विश्वास आहे असं बोस यांनी सांगितलं. बोसॉन म्हणजे एका अवस्थेत कितीही मावणारे कण! बोसॉन आणि फर्मिऑन ही दोन्ही नावं डिरॅकनेच दिलेली आहेत.

शेवट

पुढची वर्षं तितकी सोपी गेली नाहीत. १९४७ मध्ये प्रयोगांत इलेक्ट्रॉनच्या चुंबकाची ताकद डिरॅकच्या उत्तरापेक्षा हजारात एखाद्या भागाने जास्त निघाली. तरुण पिढीने गणितातले अनंत आकडे युक्तीने बाजूला काढून तो फरक अचूक काढला. आज त्या थिअरीचं उत्तर आणि प्रयोग दहाहून जास्त आकड्यांपर्यंत जुळतात. ती थिअरी डिरॅकच्याच १९२७ च्या कामातून वाढलेली, पण ही युक्ती त्याला कुरूप वाटायची. तो शेवटपर्यंत दुसरा मार्ग शोधत राहिला. तो सापडला नाही. १९६९ मध्ये निवृत्त होऊन तो अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. उतारवयात पिएर रामाँ या तिथल्या प्राध्यापकाने त्याला भाषणाला बोलावलं. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आपलं आयुष्य अपयशी ठरलं, असं म्हणून त्याने नकार दिला. रामाँला काय बोलावं सुचेना.

२० ऑक्टोबर १९८४ रोजी तो गेला. १९९५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्याच्या नावाची फरशी बसवली. तिच्यावर त्याचं समीकरण कोरलंय, छोटंसं, एका ओळीत मावणारं. सर्नमध्ये पॉझिट्रॉन आणि अँटीप्रोटॉन जोडून प्रतिहायड्रोजनचे अणू बनवतात. तेही साध्या हायड्रोजनसारखे खालीच पडतात हे २०२३ मध्ये दिसून आलं. म्हणजे त्याच्या उणे चिन्हाचं काम अजून चालूच आहे.

आता राहिला फेलिक्स. त्याच्या नावाचं फंक्शन नाही, फरशी नाही. डिरॅकच्या गप्प बसण्याची आपण गंमत करतो, कारण त्याच्या वतीने त्याची समीकरणं बोलली. फेलिक्सच्या गप्प बसण्याला असं कोणी नव्हतं. हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये असा एखादा तरी असतो. मनात नसलेली ब्रँच, दोन-तीन केट्या, फोनवर घरी सगळं ठीक आहे एवढंच सांगणारा. डिरॅकला पुढे नेणारी गोष्ट तशी साधीच होती, कोणीतरी त्याला आमच्याकडे ये असं म्हणालं होतं. तेवढं म्हणायला ना नोबेल लागतं ना फर्स्ट क्लास. सर मंडळींना ते जमतं, रेक्टरना जमतं, आणि शेजारच्या कॉटवरच्यालाही. आज मेसला जाताना त्याला हाक मारून बघा.